विंडोज आपला नंबर खोटा का सांगते?

एकच प्रोग्राम विंडोजच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांवर चालवायचा असेल, तर सिस्टीमला तिच्या आवृत्तीचा नंबर विचारू नका, हवं ते फंक्शन (सिस्टीमने प्रोग्रामला देऊ केलेलं तयार काम) आहे का एवढंच बघा, असं आज सांगितलं जातं. युनिक्सवाल्यांनी १९८८ सालीच पॉझिक्स हे सिस्टीमने कोणती फंक्शनं द्यायची ते ठरवणारं मानक आणून आपल्यापुरती वाट काढली होती. विंडोजवर मात्र हे शहाणपण फजितीतून आलं.

विंडोज ३.१ मध्ये गेटव्हर्जन हे आवृत्तीचा नंबर सांगणारं फंक्शन मुख्य क्रमांक खालच्या बाइटमध्ये आणि उपक्रमांक वरच्या बाइटमध्ये देई. त्यामुळे ३.१० चं उत्तर हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत, जिथे ए म्हणजे १०) ०ए०३ असं येई. अनेकांनी बाइट न उलटवता थेट तुलना केली. त्या हिशेबात विंडोज ९५ चा खरा नंबर ४.० म्हणजे ०००४, अर्थात ३.१० पेक्षा लहान! हे प्रोग्राम नव्या सिस्टीमला जुनी समजून अडून बसले असते. म्हणून विंडोज ९५ ने जुन्या धाटणीच्या १६-बिट प्रोग्रामांना आपला नंबर ३.९५ सांगितला.

पुढे एक्सपी (५.१) साठी 'मुख्य किमान ५ आणि उपक्रमांक किमान १' अशी तपासणी लिहिली गेली. ६.० क्रमांकाची पुढची विंडोज, व्हिस्टा, तिच्यात नापास, कारण उपक्रमांक ०! विंडोज ७ आतून ६.१ राहिली ती अशाच प्रोग्रामांच्या धास्तीने.

खरा वाद पेटला २०१३ मध्ये, विंडोज ८.१ वरून. आपण ८.१ ओळखतो असं मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबतच्या माहितीपत्रकात) न लिहिणाऱ्या प्रोग्रामला गेटव्हर्जनएक्स, म्हणजे गेटव्हर्जनचं पुढचं रूप, ६.२, म्हणजे विंडोज ८ चाच नंबर देऊ लागलं. बिघाड शोधणाऱ्या साधनांनाही खोटं उत्तर मिळायला लागलं, ही तक्रार रास्तच होती. पण वीस वर्षं चुकीच्या तुलना लिहिणाऱ्यांनी सिस्टीमवर खोटेपणाचा ठपका ठेवावा, हे जरा अतीच. शेवटी अनेकांनी एनटीडीएलएल या विंडोजच्या आतल्या लायब्ररीतलं आरटीएलगेटव्हर्जन हे फंक्शन गाठलं. ते खरं बोलतं.

फंक्शन आहे का हे बघण्यातही गोम आहे. नवं फंक्शन थेट लिंक केलं, तर जुन्या विंडोजवर लोडरच (प्रोग्राम मेमरीत चढवणारा विंडोजचा भाग) प्रोग्राम सुरू होऊ देत नाही. फंक्शन आहे का हे तपासणाऱ्या तुमच्या 'इफ'पर्यंत गाडी पोचतच नाही. त्यासाठी गेटप्रॉकअ‍ॅड्रेसने चालू प्रोग्राममधूनच फंक्शनचा पत्ता मागावा लागतो.

खोटं बोलणं एकट्या विंडोजचं नाही. २०२० मध्ये मॅकओएस ११ आली, तीही जुन्या एसडीकेवर (प्रोग्राम बनवायच्या साधनसंचावर) बांधलेल्या प्रोग्रामांना १०.१६ सांगत. आणि २०२१ ची विंडोज ११ नंबर विचारला तर आजही १०.० म्हणते, ती ११ आहे हे ओळखायचं ते बिल्ड, म्हणजे आतला बांधणी क्रमांक, २२००० किंवा त्यापुढचं आहे यावरून. म्हणजे तुलना पुन्हा आकड्यांचीच.