हौशी संग्रह (मुंबई)

आवडलेल्या वस्तू निव्वळ हौसेखातर जमवणे, हाताळणे आणि आल्यागेल्याला दाखवणे. हौस, छंद, नाद, वेड या मराठीतल्या चढत्या पायऱ्या. हौशी संग्राहक पहिल्या दोन पायऱ्यांवरच रमतो. संच पुरा झालाच पाहिजे, नग निर्दोषच हवा, हा काटेकोर संग्राहकाचा हट्ट त्याला नसतो.

मुंबईकराला या छंदाची सुरुवात खिशातल्या चिल्लरीपासून करता येते, फुकटात. फोर्टातल्या टांकसाळीत पाडलेल्या नाण्यावर सालाखाली पत्त्यातल्या चौकटसारखी बारीक खूण असते. हैदराबादच्या नाण्यावर तारा, नोएडाच्या नाण्यावर ठिपका, कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नाही. एवढे कळले की भाजीवालीने परत दिलेले पाच रुपयेही उलटून पाहिल्याशिवाय राहवत नाही. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली. घरोघरी डब्यात पडून राहिलेल्या पावल्या, दहा पैसे, कमळाचे पिवळे वीस पैसे यांचा आपोआप संग्रह झाला. ही नाणी चिंचेने घासून लख्ख करण्याचा मोह मात्र आवरावा. त्याने नक्षी झिजते आणि वयाचा रंग जातो, तो परत येत नाही.

पोस्टाच्या तिकिटांत हौशी आणि काटेकोर संग्राहकांतला फरक सर्वांत ठळक दिसतो. आशियातले पहिले टपाल तिकीट, सिंध डाक, १८५२ साली सिंधचा कमिशनर बार्टल फ्रियरने काढले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, आणि पुढे हाच फ्रियर मुंबईचा गव्हर्नर झाला. असे दुर्मीळ तिकीट मिळवण्यासाठी काटेकोर संग्राहक आयुष्य वेचतो. हौशी माणसाला मामाच्या पत्रावरचे, शिक्का बसलेले तिकीट पुरते. किंबहुना शिक्क्यावर गाव आणि तारीख वाचता येत असेल, तर कोऱ्या तिकिटापेक्षा तेच अधिक बोलके. लिफाफ्याचा तुकडा कोमट पाण्यात ठेवावा, तिकीट आपसूक सुटू द्यावे, वर्तमानपत्रावर उपडे वाळवून मग जाड पुस्तकात दाबावे. ‘डबल’ झालेली तिकिटे अदलाबदलीला ठेवावीत; मुलांची मैत्री जमायला याहून चांगले निमित्त क्वचितच मिळते. नवी तिकिटे सीएसएमटीजवळच्या जीपीओत, फिलाटेली विभागात मिळतात.

चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, दिवे, घड्याळे, कॅमेरे, सिनेमाची पोस्टरे आणि ग्रामोफोनच्या तबकड्या मिळतात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावते. पोलादी सुई दर बाजूला बदलावी लागते, तरी तबकडी थोडी झिजतेच. म्हणून काहीजण ती पाकिटातून बाहेरच काढत नाहीत. हौशी माणूस चावी भरतो, खरखर सुरू होते, आणि शेजारच्या आजी ऐकायला दारात येऊन उभ्या राहतात.