पाणी ढवळतं तेव्हा बास मासा जातो कुठे?

ऑक्टोबर सरत आला की अमेरिकेतल्या अटलांटाच्या उत्तरेला लेक लॅनियर या तळ्यावर गळ टाकून बसणाऱ्यांची तोंडं उतरतात. महिन्याभरापूर्वी ज्या खडकाशी हमखास बास लागायचा, तिथे दिवसभर बसूनही दोरी हलत नाही. ‘मासे खायचे थांबलेत’ असं म्हणून मंडळी घरी जातात. मला हे पटत नाही. पाणी १५ ते २० अंशांवर असताना बासला चांगली भूक असते. तो रुसलेला नसतो, त्यानं मुक्काम हलवलेला असतो.

लॅनियर हा खरं तर चॅटाहूची नदीवरच्या बुफर्ड धरणाचा जलाशय, धरणापाशी ४० मीटरहून खोल. उन्हाळ्यात वरचं पाणी ३० अंशांच्या आसपास तापतं, तळाचं मात्र १० अंशांच्या आगेमागेच राहतं. ३० अंशांचं पाणी १० अंशांच्या पाण्यापेक्षा घनमीटरमागे सुमारे ४ किलोनं हलकं असतं. फरक किरकोळ वाटतो, पण तेवढ्यानं वरचं पाणी तेलासारखं तरंगत राहतं आणि वाऱ्यालाही दोन्ही थर मिसळता येत नाहीत. तळाशी कुजणारा पाचोळा तिथला प्राणवायू संपवत जातो, आणि वरून नवा पोचत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस बासला राहण्याजोगं पाणी उरतं ते फक्त वरच्या थरात. म्हणजे तळ्याचा अर्धा भाग मासेमाराला न शोधताच वगळता येतो! सप्टेंबरमधल्या कौशल्याचं निम्मं श्रेय या थरांना द्यायला हवं.

मग थंड रात्री सुरू होतात. १२ अंशांचं पाणी १० अंशांच्या पाण्यापेक्षा घनमीटरमागे जेमतेम २०० ग्रॅमनं हलकं. आता वारा पुरेसा होतो. पण तळं एका रात्रीत ‘उलटतं’ ही समजूत चुकीची आहे. थरांमधली सीमा आठवड्यांमागून आठवडे खाली सरकत जाते. उथळ फाटे आधी ढवळून निघतात, धरणालगतचं खोल पाणी सगळ्यात शेवटी, नोव्हेंबर-डिसेंबरकडे. कधी पाणी गढूळ दिसतं, कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो तळातल्या हायड्रोजन सल्फाइडचा. प्राणवायू पुन्हा खोलवर पोचला की माशांना सगळं तळं मोकळं होतं. लॅनियरचा स्पॉटेड बास तर ब्लूबॅक हेरिंग या छोट्या माशांच्या थव्यांमागे उघड्या पाण्यात भटकतो. जुन्या खडकाशी त्याचं काय काम?

होडीवरचा तापमापक फक्त पृष्ठभागाचं सांगतो, म्हणून साधा तापमापक दोरीला बांधून मीटरामीटरानं खाली सोडावा. वरपासून खालपर्यंत आकडा जवळपास सारखा आला, तर तिथलं ढवळणं संपलं. मधेच एकदम घसरला, तर सीमा अजून शाबूत, आणि गळ तिच्या वरच टाकायचा. तिथलं पाणी गढूळ, वासाचं असेल तर सरळ होडी हलवावी: नदी जिथून तळ्यात शिरते तिकडे, किंवा आधीच ढवळून निवळलेल्या उथळ फाट्यात. शॅडसारखे छोटे मासे शरदात त्या फाट्यांत शिरतात, मागोमाग बासही. पाण्यावर फडफड दिसेपर्यंत मी तर गळ टाकतच नाही. साथीदारांना हा आळस वाटतो.

धरणाच्या खाली, नदीत ट्राउट मासे धरणारे मात्र याच ढवळण्याची वाट पाहत असतात. धरणातून सुटणारं पाणी तळाचं: शरदात कमी प्राणवायूचं, विरघळलेल्या लोह-मँगनीजनं डागाळलेलं. वर तळं मिसळलं की त्यांची नदी स्वच्छ होते.