आई आणि बाळाच्या रक्तगटाची जुळणी

आईच्या रक्तात नसलेलं अँटिजेन (लाल पेशींवरची खूण, जिच्यावरून रक्तगट ठरतो) बाळाला बापाकडून मिळालं की आई-बाळाचा रक्तगट जुळत नाही असं म्हणतात. म्हणजे जुळणी बघायची ती नवरा-बायकोची नाही, आई आणि पोटातल्या बाळाची. हे आधीच सांगतोय कारण रत्नागिरी घ्या की सावंतवाडी, स्थळ बघताना 'एकनाड म्हणजे ब्लड ग्रुप एक, मुलं होणार नाहीत' असं अजून ऐकू येतं. त्यात काहीच तथ्य नाही. उलट दोघं आरएच निगेटिव्ह, म्हणजे लाल पेशींवर डी नावाचं अँटिजेन नसलेली, असतील तर बाळही निगेटिव्हच, काळजीचं कारणच उरत नाही.

त्रास होतो तो आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तेव्हा. बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं, तिचं शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) बनवतं, पहिलं मूल सहसा सुटतं पण पुढच्या खेपेला त्याच अँटिबॉडी वारेतून पलीकडे जातात आणि बाळाच्या लाल पेशी फोडतात. मालवणकडच्या जुन्या बायका सांगतात ना, 'पयलो झील वाचलो, मगे दोन पोरां पिवळी पडान गेली', त्यातल्या काही घरांत तरी हेच झालं असणार. १९६८ पासून आईला या अँटिबॉडी बनवू न देणारं अँटी-डी इंजेक्शन आलं, बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत ते द्यायचं असतं. माझ्या वहिनीच्या कार्डावर सिस्टरने लाल पेनाने 'निगेटिव्ह' लिहून दोनदा अंडरलाइन केली होती, ती रेघ फार मोलाची.

आईचा गट ओ आणि बाळाचा ए किंवा बी, ही जोडी जास्त दिसते पण त्रास बहुतेक वेळा कावीळ आणि निळ्या लाईटखाली दोन-तीन दिवस, एवढाच.

आता लोकसंख्येचा हिशोब. भारतात साधारण ५ टक्के लोक निगेटिव्ह धरले तर निगेटिव्ह जनुकाचं प्रमाण ०.२२ येतं आणि १०० पैकी जवळपास ४ गरोदरपणं अशी न जुळणारी निघतात. यात दगावणारं बाळ नेहमी मिश्र जनुकांचं, म्हणजे दोन्ही जनुकांची एकेक प्रत जाते आणि जे आधीच कमी आहे त्याचा तोटा प्रमाणात जास्त होतो. मग ते निगेटिव्ह जनुक संपलं का नाही? ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४२ मध्ये हाच प्रश्न घेतला आणि युरोपातले लोक वेगवेगळ्या समूहांच्या अलीकडच्या मिसळणीतून झाले असावेत, म्हणजे ते जनुक संपायला अजून पुरेसा वेळच मिळाला नसावा, असं मांडलं. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले ते इथलेच झाले, १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) शिवाय पहिलं बाळ सुटतं, आणि आई ओ व बाळ ए असेल तर आत आलेल्या बाळाच्या पेशींना आईच्या आधीपासूनच्या ए-विरोधी अँटिबॉडीच संपवून टाकतात, त्यामुळे आरएचचा धोका कमी होतो.

कोकणी चाकरमान्याने लक्षात ठेवावा असा अजून एक गट म्हणजे बॉम्बे. १९५२ मध्ये मुंबईत भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो नोंदवला. ए आणि बी ज्याच्यावर बनतात ते एच अँटिजेनच यात नसतं, म्हणून ए-बीची जनुकं असूनही साध्या तपासणीत गट ओ दिसतो. दोन्हीकडून तेच दुर्मिळ जनुक यावं लागतं, त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न करणाऱ्या घराण्यांत शक्यता वाढते. अशा ओ दिसणाऱ्या आईला एबी बाळ होऊ शकतं, आणि लोक तिच्याकडेच संशयाने बघतात, हे फार वाईट. खरं तर तिच्या सीरममध्ये (रक्तातून पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवात) ओ गटाच्या पेशी टाकून बघायच्या, कारण त्यांच्यावर एच असतं, गुठळ्या झाल्या तर बॉम्बे गटाचा विचार करायचा.