शिवी वेगळी, व्यक्तिहल्ला वेगळा

राजकारणावरचा वाद जरा तापला की कुणीतरी हात वर करून म्हणतंच, "पर्सनल होऊ नका हं." आणि ज्यांनी चार व्हिडिओ बघितलेत ते म्हणतात, "हे ॲड होमिनेम (म्हणजे व्यक्तिहल्ला) झालं!" बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं, कुणीतरी नुसती शिवी हासडलेली असते. आणि जेव्हा ते खरोखर होतं तेव्हा हीच मंडळी माना डोलवत बसलेली असतात, कारण बोलणारा गोड आवाजात, 'आपण-आपण' करत बोललेला असतो. हा घोळ इतक्या वेळा बघितलाय की आता एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या वेळी कुणी घातला की हेच पुढे सरकवीन.

शिवी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. गाढव, बिनडोक, भक्त, चमचा, गुलाम, वगैरे वगैरे, दरवर्षी स्टॉकमध्ये नवीन माल येतोच. आवाज चढवणं, 'अहो'वरून 'अरे'वर येणं, वाक्यामागे पाच उद्गारचिन्हं लावणं (देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे लिहून ओरडायचं तर उद्गारचिन्हांवरच भागवावं लागतं), हे सगळं त्याच खात्यात. वाईट आहे, मान्य. पुढे जाऊ.

व्यक्तिहल्ला म्हणजे समोरच्यानं मुद्दा मांडला आणि आपण मुद्दा सोडून माणूसच खोडून काढला. "तू अमुक आहेस, म्हणून तुझं म्हणणं चूक." सगळा खेळ त्या 'म्हणून'चा आहे. शिवीत 'म्हणून' नसतो. "गाढवा, तुझं गणित चुकलंय, व्याज धरलंच नाहीस तू", यात शिवी आहे पण व्यक्तिहल्ला नाही, कारण गाढव असल्यामुळे गणित चुकलं असं तो म्हणत नाहीये, व्याज धरलं नाही म्हणून चुकलं म्हणतोय आणि ते तपासता येतं. उलट "आपलं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, आपल्याला मराठी शाळांचं दुखणं काय कळणार" यात एकही वाकडा शब्द नाही, आणि पूर्णच्या पूर्ण व्यक्तिहल्ला आहे.

एक घडलेला प्रसंग सांगतो. चुलतबहिणीचा साखरपुडा, जेवणं उरकलेली, पुरुषमंडळी मांडवात खुर्च्या ओढून बसलेली आणि विषय निघाला कर्जमाफीचा. एका बाजूला आमचे दाजी, बँकेत नोकरीला. दुसऱ्या बाजूला मामा, शिरोळ तालुक्यात पाच एकर ऊस. मध्ये एक रिटायर झालेले काका, सरकारी अधिकारी होते, बोलणं एकदम मोजूनमापून.

दाजी म्हणाले, 2008 ची केंद्राची माफी घ्या, 2 हेक्टरपर्यंत, म्हणजे साधारण पाच एकर, जमीन असेल तर पूर्ण माफ, त्याच्या वर असेल तर 25 टक्के सवलत आणि तीही उरलेले भरले तर. म्हणजे विदर्भातला सात-आठ एकर कोरडवाहूवाला 'इतर शेतकरी' ठरला आणि पाच एकर बागायतीवाला मात्र अल्पभूधारक. शिवाय माफी फक्त बँकेच्या आणि सोसायटीच्या कर्जाला, ज्यानं सावकाराकडून घेतलंय त्याला शून्य. (गावाकडं सोसायटी म्हणजे पीककर्ज देणारी विकास सोसायटी, पार्किंगवरून भांडणारी नव्हे.)

मामा उसळलेच. "पावणं, तुमी म्हंजे निव्वळ येड्यावानी बोलाय लागलाय बघा! सावकाराच्या दारात मानूस हौसंनं जातोय व्हय? सोसायटीचं थकलं की नवं पीककर्ज मिळत न्हाई, म्हणून जातोय. जुनं कोरं झालं की सोसायटी परत उभी करून घेती. तवा सावकारवाल्याला माफीचा उपेग न्हाई हे कुणी सांगितलं तुमास्नी?"

मग काका. चष्मा काढून पुसत पुसत. "जावईबापू, आपल्या मताचा मला पूर्ण आदर आहे. पण महिन्याच्या एक तारखेला ज्याचा पगार जमा होतो, त्यानं शेतकऱ्याबद्दल बोलताना थोडा संकोच बाळगावा, एवढंच सुचवेन."

मांडवातल्या सगळ्यांनी मामांना गप्प केलं, "अहो जावई आहेत, असं बोलतात का". आणि काकांकडं बघून, "बघा, बोलावं तर असं."

मला अजून राग येतो. मामांनी दाजींना येडं म्हटलं खरं, पण त्यांच्या मुद्द्याला थेट हात घातला, कर्ज थकलं की नवीन मिळत नाही ही अख्ख्या वादातली कळीची गोष्ट त्यांनी पुढं आणली. काकांनी 2 हेक्टरबद्दल एक शब्द काढला नाही, सावकाराबद्दल नाही, कशाबद्दलच नाही. दाजींचा पगार एक तारखेला होतो म्हणून 2008 च्या योजनेतली अट बदलते का? शेतकऱ्यानं सांगितली असती तरी ती 2 हेक्टरचीच होती. खरा असभ्य माणूस त्या मांडवात एकच होता आणि त्याला सगळे सभ्य म्हणत होते.

इथपर्यंत बऱ्याच जणांना पटतं. लोक आपटतात ते इथून पुढं. कारण हे पटलं की माणूस लगेच दुसऱ्या टोकाला जातो, म्हणतो की वादात बोलणाऱ्याबद्दल काहीही विचारायचंच नाही, फक्त मुद्दा बघायचा. हे ऐकायला फार छान वाटतं, पण चूक आहे. काही वेळा माणसाबद्दल विचारणं हाच मुद्दा असतो.

मी स्वतः एक कसोटी वापरतो, कोर्टातली. बोलणारा आत्ता वकील आहे की साक्षीदार? वकील युक्तिवाद करतो, आणि त्यानं फी घेतली म्हणून युक्तिवाद खोटा असं जज कधी म्हणत नाही. फी घेतलेलीच असते, उघड आहे ते. युक्तिवाद आपल्या पायावर उभा राहतो किंवा पडतो, तो करणारा कोण यानं काही फरक पडत नाही. साक्षीदाराचं तसं नाही. तो म्हणतो "मी बघितलं, माझ्यावर विश्वास ठेवा", म्हणजे त्याच्या म्हणण्याचा पाया तो स्वतःच असतो. मग तिथं अंधार होता का, चष्मा लावला होता का, आरोपीशी बांधावरून भांडण होतं का, कुणाकडून पैसे घेतलेत का, हे सगळं विचारायचा हक्क समोरच्याला मिळतोच.

आणि आपल्या जुन्या पुरावा कायद्यात हे किती नीट मांडलेलं होतं बघा (1872 चा कायदा, 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय). कलम 155 मध्ये साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला धक्का कसा देता येतो ते दिलेलं होतं, लाच घेतली का, आधी काही वेगळंच बोलला होता का. आणि तीनच कलमं आधी, 152 मध्ये, अपमान करायला किंवा त्रास द्यायला विचारलेला प्रश्न कोर्टानं थांबवायचा, आणि प्रश्न योग्य असला पण भाषा उगाच लागट असली तरीही थांबवायचा. म्हणजे वैयक्तिक प्रश्न एका खणात आणि अपमान दुसऱ्या खणात. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांना कळलेली गोष्ट आमच्या मांडवात कळत नव्हती.

कारण पुढं काय झालं ऐका. दाजी चिडले आणि म्हणाले, "मी वीस वर्षं बँकेत हेच बघतोय, माफीची हवा झाली की वेळेवर भरणारेसुद्धा भरायचे थांबतात, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा." झालं, इथं वकील पिंजऱ्यात येऊन उभा राहिला. तेव्हा माझ्या धाकट्या भावानं विचारलं, "दाजी, पण तुम्ही गेली काही वर्षं होमलोनला आहात ना?" लगेच चार जण ओरडले, पर्सनल होऊ नको! अहो, हाच तर एकमेव प्रश्न होता जो त्या वेळी विचारायला हवा होता. दाजी स्वतःचा अनुभव पुरावा म्हणून देत होते, मग तो अनुभव शेतीकर्जाचा आहे की फ्लॅटच्या कर्जाचा हे विचारणं पर्सनल असलं तरी रास्त आहे. दाजींनी मान्य केलं, सुरुवातीची वर्षं तालुक्याच्या शाखेत होतो, नंतर शहरात. मग त्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल बोलणं झालं आणि ते चांगलं झालं.

एकच माणूस, दहा मिनिटांच्या अंतरानं, आधी वकील नंतर साक्षीदार. काकांचा टोमणा आणि भावाचा प्रश्न, दोन्ही दाजींच्या नोकरीबद्दलच. पहिला चूक, दुसरा बरोबर. म्हणून विषय कुठला ते बघून भागत नाही, समोरचं म्हणणं कशाच्या आधारावर उभं आहे ते बघावं लागतं.

अजून एक जागा आहे जिथं माणसाकडं बोट दाखवणं रास्त ठरतं, आणि तिचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. 1936. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना आपल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावलं, मग भाषण वाचून त्यांचे धाबे दणाणले आणि परिषदच बारगळली, तेव्हा बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापलं, तेच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं, पुस्तकाची आठ आणे किंमत जास्त आहे, कमी करा, हेही लिहिलं. गांधीजींचं म्हणणं असं की जात वाईट पण वर्ण वेगळा, प्रत्येकानं आपल्या वाडवडिलांच्या धंद्यावर पोट भरावं हा वर्णाचा धर्म. यावर बाबासाहेबांचं उत्तर काढून वाचा. सर्वसाधारण युक्तिवादात व्यक्तीचा उल्लेख करणं बरं नव्हे हे ते आधी सांगतात, आणि मग विचारतात की महात्मा स्वतः हे पाळतात का? जन्मानं बनिया, पण पूर्वज व्यापार सोडून दिवाणगिरीत गेले, जे ब्राह्मणाचं काम. स्वतः तराजू न धरता वकिली पत्करली. धाकट्या मुलानं ब्राह्मणाची मुलगी केली आणि एका वर्तमानपत्राच्या मालकाकडं नोकरी धरली.

आता हे पर्सनल आहे का? शंभर टक्के. घरापर्यंत गेलंय, मुलापर्यंत गेलंय. व्यक्तिहल्ला आहे का? अजिबात नाही. कारण गांधीजी ज्या गोष्टीला जगण्याचा नियम म्हणत होते ती जगता येते का, हाच वादाचा विषय होता. आणि 'तुम्ही पाळत नाही, म्हणून तुम्ही ढोंगी' इथं बाबासाहेब थांबत नाहीत. ते पुढं म्हणतात की आदर्श तपासायला महात्म्याहून चांगला नमुना मिळणार नाही, आणि त्यालाही हे जमत नसेल तर तो आदर्शच अशक्य कोटीतला आहे. माणसापासून निघून पुन्हा मुद्द्यावर आले. माझ्या मते हाच फरक आहे, माणसाकडं गेलेला रस्ता मुद्द्याकडं परत येतो का. काकांचा रस्ता दाजींच्या पगाराशी संपला होता.

पण म्हणून प्रत्येक ढोंग दाखवून दिलं की वाद जिंकला असं नाही. सिगारेट ओढणारा डॉक्टर सिगारेट वाईट म्हणाला तर सिगारेट वाईटच आहे. आपल्याकडं लगेच "बोले तैसा चाले" तोंडावर फेकतात, अहो, तुकोबा अशा माणसाची पावलं वंदा म्हणतायत, न चालणाऱ्याचं बोलणं खोटं ठरतं असं कुठं म्हणतायत?

बाकीचे प्रकार पटकन. "तेव्हा कुठं होतात?" हा व्यक्तिहल्लाच, फक्त भूतकाळातला. तेव्हा मी शाळेत होतो, तुझ्या मुद्द्याचं काय ते सांग. "किती मिळतात रे याचे?" हाही तोच, आणि माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारा, कारण पैसे घेतले हे सिद्ध करायची जबाबदारी विचारणाऱ्याची असते आणि तो कधीच ती घेत नाही, आणि सिद्ध झालं तरी युक्तिवाद तसाच उभा राहतो. 'भक्त' किंवा 'चमचा' हे शब्द शिवीही असतात आणि व्यक्तिहल्लाही, वाक्यात 'म्हणून' लपलाय का बघा. आणि कुठल्याही आरडाओरड्याला वितंडवाद म्हणू नका, न्यायशास्त्रात वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची पाडत राहणं, ते अगदी शांतपणे, चष्मा पुसत पुसतसुद्धा करता येतं.

असंसदीय शब्दांच्या याद्यांवर माझा विश्वास नाही तो याचमुळे. जुलै 2022 मध्ये लोकसभा सचिवालयाची पुस्तिका आली, त्यात 'जुमलाजीवी', 'तानाशाह', 'शकुनी' असले शब्द होते आणि त्यावर केवढा गदारोळ झाला. यादी शब्द पकडते. काकांचं वाक्य कुठल्या यादीत बसवणार? 'आपण', 'आदर', 'संकोच', 'सुचवेन', सगळे संसदीय.

मला विचाराल तर मला मामांशी वाद घालायला आवडेल, दहा शिव्या खाऊन. मांडवातून निघताना मामांनी दाजींच्या हातात काकवीची बाटली दिली आणि म्हणाले, "त्या 2 हेक्टराचं मला जरा नीट लिवून धाडा. भांडाण अजून ऱ्हायलंय आपलं." दाजींनी धाडलंही. काका तोवर गाडीत बसले होते.