जुनी होडी काठावर घेणे (मराठवाडा)

तळातून पाणी घेऊ लागलेली लाकडी होडी बाहेर काढून तिच्या फळ्या, खिळे आणि सांधे नव्याने बसवण्याचे काम. कोकणात गलबत उधाणाच्या भरतीला किनाऱ्यावर चढवतात. मराठवाड्यात भरती-ओहोटी नाही. येथे उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरते आणि होडी जागेवरच कोरडी पडते.

प्राचीन काळी पैठण ही सातवाहनांची राजधानी होती. त्या घराण्यातील यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आहे. ते समुद्रावरचे जहाज. गोदावरीकाठच्या भोई आणि कोळी समाजांची होडी त्याहून कितीतरी साधी, सपाट तळाची. पैठणजवळचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाचे, म्हणजे नाथसागराचे, सुमारे ३५० चौरस किलोमीटर पाणी मासेमारीला मिळाले. हा जलाशय उथळ व पसरट आहे. पातळी थोडी घटली तरी पाण्याची कड बरीच मागे सरते. त्यामुळे होडी कोणत्या आठवड्यात, कोणत्या ठिकाणी लावून ठेवायची, हा निर्णय सगळ्यात मोलाचा. काळ्या मातीचा गाळ तळाला घट्ट धरून ठेवतो आणि वाळल्यावर भेगाळून होडीला एका अंगावर कलंडवतो. म्हणून मुरमाचा किंवा वाळूचा काठ पाहावा.

पाण्याची वाट न पाहता होडी ओढून काढायची असेल, तर आधी जाळी, इंजिन आणि तळात साचलेले पाणी काढतात. शिडाची होडी असल्यास शीड आणि डोलकाठी अगोदर उतरवावी. खाली गोल ओंडके टाकून पूर्वी माणसे ओढत, आता बहुधा ट्रॅक्टर ओढतो. ट्रॅक्टरने काम सोपे होते, पण हिसका बसला तर जुनी नाळ (होडीचे पुढचे टोक) उचकटते. दोर खालच्या बाजूने, मुख्य लाकडाला बांधणे आवश्यक आहे. वर आल्यावर सगळे वजन मधल्या कण्यावर राहावे. बाजूचे टेकू होडी नुसती सावरण्यापुरते असावेत.

गोड्या पाण्यात समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा जगत नाही. ही मोठीच सवलत. पण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला आवर घालणारे मीठही या पाण्यात नसते. पावसाचे पाणी होडीत तुंबून राहिले की आतून कूज सुरू होते, आणि बाहेरून रंग शाबूत दिसत राहतो. टोच्याने टोचून आणि हातोडीने ठोकून पाहणे हीच खरी तपासणी: निरोगी लाकूड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. लोखंडी खिळ्याभोवती काळा डाग दिसला तर तेथील लाकूड मऊ झाले आहे असे समजावे. अशा भोकात नवा खिळा ठोकणे म्हणजे काम पुढच्या वर्षावर ढकलणे होय.

बदलायची फळी शक्यतो सागाची घेतात. आतल्या वाकड्या फासळ्यांना बाभळीचे मुळात वाकलेले लाकूड उत्तम, कारण त्यात रेषा तुटत नाहीत. बैलगाडी घडवणाऱ्या गावच्या सुताराची वाकस, पटाशी आणि गिरमिट ही हत्यारे येथेही चालतात. सांध्यांत कापसाची वात बसवून वर राळ आणि जवसाच्या तेलाचे मिश्रण किंवा डांबर भरतात. जवसाचे तेल हवेत वाळून घट्ट होते, म्हणून ते चालते.

सर्वांत अधिक नुकसान मात्र ऊन करते. चाळीस अंशांच्या पुढच्या कोरड्या हवेत फळ्या आकसतात आणि सांधे उघडे पडतात. ते पाहून कारागिराला वात ठासून भरावीशी वाटते. तसे केल्यास पुढे भिजून फुगलेल्या फळ्यांना जागा उरत नाही आणि त्या खिळ्यांतून उचकटतात. होडीवर सावली करावी, ओले गोणपाट घालावे, आणि सांधा बेताने भरावा. मराठवाड्यातल्या या कामाचे सगळे शहाणपण या एका गोष्टीत आहे.

फायबरच्या होड्या आता वाढल्या आहेत. त्यांचा तडा घासून, फायबरचे कापड आणि रासायनिक राळ (रेझिन) चढवून बुजवतात. उन्हात ही राळ झपाट्याने घट्ट होते, म्हणून काम भल्या पहाटे उरकतात. पत्र्याच्या होडीला वेल्डिंग आणि गंजरोधक रंग पुरतो.

नाथसागर भरतो तो मुख्यत्वे वरच्या भागातल्या पावसाने. पैठणला ढग नसतानाही नाशिककडच्या धरणांतून सोडलेले पाणी येऊन कड झपाट्याने वर चढते, तेव्हा काम अर्धवट असले तरी होडी दोराने पक्क्या झाडाला बांधलेली असावी. याउलट २०१६ च्या उन्हाळ्यासारखा काळ आला, जेव्हा जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला होता, तर होड्या महिनोन्महिने कोरड्याच राहतात आणि त्यांना सावली व ओल अधिक लागते.

तयार होडी लगेच खोल पाण्यात नेत नाहीत. ती उथळ पाण्यात अर्धी बुडवून, आतही पाणी घालून दोन-तीन दिवस ठेवतात. फळ्या फुगून गळती कमी झाली की पाणी उपसतात आणि कोरड्या तळात पुन्हा कुठून झिरपते ते पाहतात. जिथून झिरपते तिथे खडूची खूण करून तेवढाच सांधा पुन्हा भरतात.