लिंक रॉड की बॉल जॉईंट : पुढच्या चाकाजवळची खडखड कशी ओळखावी

पुढच्या चाकाजवळून आवाज येतो म्हणून गाडी गॅरेजात नेली, की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट ऐकायला मिळते : ‘लिंक रॉड गेला’ किंवा ‘बॉल जॉईंट गेला’. हे दोन्ही भाग चाकाच्या आतल्या बाजूला, हातभर अंतराच्या आत बसलेले असतात. दोन्हींचा आवाज खराब रस्त्यावरच जास्त येतो आणि आत बसलेल्या माणसाला तो ‘समोरून खडखड’ एवढाच कळतो. परिणाम मात्र फार वेगळे आहेत. लिंक रॉड ढिला झालेली गाडी कापसाचे पैसे हाती येईपर्यंत सांभाळून चालवता येते. बॉल जॉईंट ढिला झालेली गाडी दुरुस्तीला नेण्यापलीकडे कुठेही नेऊ नये. म्हणून हा फरक मिस्त्रीइतकाच गाडीच्या मालकालाही कळला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

गोंधळाचे मूळ रचनेत आहे. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ही रचना ओळखली जाते. यात स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर मिळून एकच उभा खांब होतो. त्याचे वरचे टोक बॉनेटखाली बॉडीला आणि खालचे टोक चाक धरणाऱ्या नकलला जोडलेले असते. नकलची खालची बाजू लोअर आर्म, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापासून चाकाकडे येणारा आडवा दांडा, धरून ठेवतो आणि या दोहोंमधला सांधा म्हणजे बॉल जॉईंट. चाक वरखाली होते आणि स्टिअरिंगबरोबर वळतेही, ते या सांध्यामुळे. याखेरीज डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एक जाड, वाकवलेली पोलादी सळी जाते, ती स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी एका अंगाला कलू लागली की ही सळी पिळली जाते आणि कल कमी करते. तिची दोन्ही टोके ज्या आखूड दांड्यांनी बहुधा स्ट्रटला जोडलेली असतात, त्या दांड्या म्हणजे लिंक रॉड. अनेक गाड्यांत या दांड्यांच्या टोकांनाही लहान बॉल जॉईंटच असतात : पोलादी गोळी, तिच्याभोवती प्लास्टिकची वाटी, आत ग्रीस आणि वरून रबरी टोपी. त्यामुळे मिस्त्री नुसते ‘बॉल गेला’ म्हणाला, तर कोणता बॉल, लिंकचा की लोअर आर्मचा, हे तिथेच विचारून घ्यावे.

घडण सारखी असली तरी दोघांची कामे वेगळी आहेत आणि आवाजातला फरक या कामांतूनच समजतो. दोन्ही चाके एकाच वेळी सारखी वर आली, तर स्टॅबिलायझर बार आपल्या बुशांमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरी तुकड्यांमध्ये, फक्त फिरतो, पिळला जात नाही आणि लिंकवर फारसा ताण येत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की बार पिळला जातो आणि लिंक एका बाजूला ओढली, तर दुसऱ्या बाजूला दाबली जाते. म्हणजे चाकांची उंची सतत एकमेकांपेक्षा वेगळी ठेवणारा रस्ता हा लिंक रॉडचा खरा वैरी. आपल्याकडचे रस्ते नेमके असेच आहेत. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा, नेर, आर्णीकडच्या काळ्या मातीच्या पांदणीत, म्हणजे शेताकडच्या कच्च्या वाटेत, पावसाळ्यात ट्रॅक्टर रुततो, त्याच्या चाकोऱ्या दिवाळीनंतर वाळून कडक होतात आणि वावराकडे जाणाऱ्या गाडीचे एक चाक चाकोरीत, तर दुसरे उंचवट्यावर असे मैलभर चालत राहते. डांबर उखडून गिट्टी वर आलेल्या रस्त्यावरही तेच होते. अशा ठिकाणी ताशी १० ते ३० किलोमीटरच्या वेगात हलकी, भरभर येणारी, पत्र्याचा डबा हलवल्यासारखी खडखड ऐकू येत असेल आणि सपाट डांबरी रस्ता लागताच ती पूर्ण थांबत असेल, तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्यावा.

याची एक सोपी चाचणी गावातच करता येते. पूर्ण रुंदीचा गतिरोधक निवडावा आणि गाडी अगदी सरळ, दोन्ही चाके एकाच वेळी चढतील अशी, हळू न्यावी. नंतर त्याच वेगाने एकच चाक खड्ड्यातून किंवा गोट्यावरून जाईल अशी न्यावी. पहिल्या वेळी शांतता आणि दुसऱ्या वेळी खडखड, असे झाले तर बोट लिंककडे, फार तर स्टॅबिलायझर बारच्या बुशांकडे जाते. दोन्ही वेळी सारखाच आवाज आला, तर शोध दुसरीकडे न्यावा लागतो.

बॉल जॉईंटचा आवाज खड्ड्यांपेक्षा ताणाची दिशा बदलण्याशी जास्त बांधलेला असतो. स्ट्रट असलेल्या गाडीत वजन स्प्रिंगमधून सरळ नकलवर येते, त्यामुळे खालच्या बॉल जॉईंटला गाडी उचलून धरावी लागत नाही. चाकाचा खालचा भाग बाहेर, आत, पुढे किंवा मागे सरकू न देणे हे त्याचे काम. ब्रेक दाबताना चाक मागे ढकलले जाते, गाडी उचल घेताना पुढे ओढले जाते आणि वळताना आडवा जोर येतो. गोळी वाटीत ढिली झाली असेल, तर ती या प्रत्येक बदलाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आदळते आणि जड, एकेकटा ‘ठक’ असा आवाज येतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाऊन घाट उतरताना, म्हणजे ब्रेक आणि वळण एकामागून एक येत असताना, रस्ता चांगला असूनही असे ठोके पडत असतील, तर ते अंगावर काढू नयेत. सोबत आणखी खुणा दिसतात : सरळ रस्त्यावर गाडी किंचित भरकटते, स्टिअरिंग सारखे सावरावे लागते, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करूनही टिकत नाही आणि टायरची एक कड दुसरीपेक्षा लवकर झिजते. लिंक रॉड कितीही ढिला झाला तरी तो चाकाची दिशा ठरवत नाही, म्हणून या खुणा त्याच्यामुळे उमटत नाहीत.

आवाज मोठा म्हणजे धोका मोठा, हा समज इथे नेमका उलटा पडतो. लिंक रॉड फार गोंगाट करतो. बॉल जॉईंट मात्र बराच झिजेपर्यंत जवळजवळ गप्प राहू शकतो, कारण गाडी जमिनीवर असताना आडवा जोर गोळीला वाटीच्या एका बाजूवर दाबून ठेवतो. म्हणून केवळ कानावर विसंबून निकाल देऊ नये. हात आणि डोळा लावल्याशिवाय निदान पुरे होत नाही.

लिंक रॉड तपासताना दोन्ही चाके सारख्या उंचीवर असली पाहिजेत, मग ती जमिनीवर असोत वा दोन्ही उचललेली असोत. सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर गाडी उभी असेल तर उत्तम. एकच चाक जॅकवर उचलले की बार पिळला जातो, लिंक ताणली जाते आणि ढिलाई लपते. घाईच्या तपासणीत ही चूक फार होते. गाडी सारखी उभी असताना लिंक मुठीत धरून जोराने वरखाली हलवावी. चांगली लिंक आपल्या अक्षाभोवती थोडी फिरते, पण वरखाली टकटकत नाही. दुसऱ्या हाताचे बोट टोकाच्या रबरी टोपीवर ठेवले, तर आतला ठोका बोटाला स्पष्ट कळतो. त्याआधी नट घट्ट आहेत का हे पान्ह्याने पाहावे, कारण नुसता नट सैल असला तरी हाच आवाज येतो आणि चांगली लिंक फुकट बदलली जाते.

बॉल जॉईंटसाठी चाक लोंबकळत ठेवावे लागते. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावावेत, गाडी बॉडीखाली जॅक लावून उचलावी आणि मजबूत स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोके घालू नये. ज्या गाड्यांत स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर येतो, तिथे आधार त्या आर्मखाली द्यावा लागतो, नाहीतर स्प्रिंगचा जोर सांधा दाबून धरतो आणि काहीच कळत नाही. मग चाक वर आणि खाली धरून आतबाहेर हलवावे आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाने बॅटरीच्या उजेडात लोअर आर्म आणि नकल यांमधल्या फटीवर नजर ठेवावी. चाक हलत असेल तर तिसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबताच ढिलाई नाहीशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही हलत राहिले तर संशय बॉल जॉईंटवर पक्का होतो. चाक डावीउजवीकडे धरून हलवल्यावरच ढिलाई जाणवत असेल, तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे, पाहावेत. शेवटी आर्म आणि नकलमध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलका जोर द्यावा, मात्र रबरी टोपी फाटू देऊ नये. आर्मच्या मागच्या रबरी बुशची थोडी लवचिकता स्वाभाविक असते, ती सांध्याची ढिलाई समजू नये.

टोपीकडे वेगळे लक्ष द्यायला हवे, कारण दोन्ही सांध्यांचे आयुष्य तिच्यावर आहे. टोपीला चीर गेली की आतले ग्रीस बाहेर पाझरते, त्यावर मुरमाची धूळ बसते आणि सांध्याभोवती काळपट, खरखरीत कडे तयार होते. रपट्यावरच्या पाण्यातून दोनचार वेळा गाडी गेली की आत पाणी शिरते, राहिलेले ग्रीस धुऊन जाते आणि त्यानंतर गोळी अडकलेल्या बारीक कणांवर घासत राहते. म्हणून पावसाळा संपल्यावर चाकामागचा वाळलेला चिखल काढून या टोप्या एकदा पाहून घेणे मला सर्वांत उपयोगी वाटते. फाटलेली टोपी आज आवाज करत नसली तरी तो सांधा जाणार, हे धरून चालावे.

हाताने पाहूनही शंका उरली, तर दोन्ही बाजूंच्या लिंक काढून, बारची टोके कशावर आदळणार नाहीत अशी तारेने बांधून, गाडी त्याच रस्त्यावर अगदी हळू चालवता येते. आवाज गेला तर दोष लिंकचा किंवा बारच्या बुशांचा ठरतो. ही चाचणी रिकाम्या रस्त्यावर आणि थोड्या अंतरापुरतीच करावी, कारण बार सुटल्यावर गाडी वळणावर नेहमीपेक्षा जास्त कलते. काही जुन्या छोट्या गाड्यांत वेगळी लिंकच नसते आणि बारचे टोकच लोअर आर्मला पुढेमागे धरून ठेवते. तिथे हा प्रयोग मुळीच करू नये. इतर कारणांपैकी ब्रेकच्या पॅडचा संशय चटकन तपासता येतो : खडखड चालू असताना ब्रेकवर हलका पाय ठेवताच ती थांबली, तर पॅड धरणाऱ्या कॅलिपरकडे पाहावे. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर बॉनेटखाली कटकट झाली आणि स्प्रिंग झटक्याने सरकल्याचे हाताला जाणवले, तर स्ट्रटच्या वरचे माउंट किंवा त्यातले बेअरिंग तपासावे.

दुरुस्तीतही दोघांचे मार्ग वेगळे आहेत. लिंक रॉड सुटा मिळतो, बदलायला सोपा असतो आणि त्यानंतर अलाइनमेंटची गरज पडत नाही. एका बाजूची गेली असेल तर दुसरीनेही तेवढेच रस्ते पाहिलेले असतात, म्हणून जोडी बदलणे बरे. बॉल जॉईंट काही गाड्यांत सुटा मिळतो, तर पुष्कळ गाड्यांत लोअर आर्मसकट घ्यावा लागतो. आर्म बसवताना बुशचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावेत. लोंबकळत्या स्थितीत आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावेच लागते.

खेड्यापाड्यांत वेळ मारून नेण्याच्या काही युक्त्या चालतात, त्यांतल्या दोन तरी बंद व्हायला हव्यात. ढिल्या बॉल जॉईंटच्या वाटीवर पंच मारून ती आवळणे आणि वेल्डिंगचा टाका देणे, या दोन्हींमुळे ठोका काही दिवस थांबतो, पण ठोक्याने किंवा उष्णतेने वाटी आणि गोळीभोवतीचे प्लास्टिक कमजोर होते आणि सांधा अचानक निसटण्याची शक्यता वाढते. सुईने ग्रीस भरणेही तसेच आहे : आवाज दबतो, झीज भरून निघत नाही. लिंकच्या बाबतीत असला उपाय फसला तर खडखड परत येते, किंवा फार तर लिंक तुटून तिचे टोक टायरला किंवा ब्रेकच्या नळीला घासते. बॉल जॉईंट निसटला तर चाकाचा खालचा भाग बाहेर पडतो, गाडी त्या कोपऱ्यावर बसते आणि स्टिअरिंग हातात असूनही कामाचे राहत नाही.

आता यात वेगाची भर पडली आहे. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा जिल्ह्यांतली गाडी पांदणीतून निघून तासाभरात समृद्धी महामार्गावर चढते आणि तिथे हलक्या वाहनांना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. सपाट काँक्रीटवर लिंकची खडखड बंद होते आणि सगळे ठीक आहे असे वाटते. ती खडखड लिंकचीच होती हे हात लावून ठरलेले असेल, तर बेताच्या वेगाने नागपूर गाठायला हरकत नाही. ठरलेले नसेल, तर निघण्यापूर्वी तालुक्याच्या गावी चाक उचलून पाहून घ्यावे. तपासणीत दोन्ही भाग ढिले निघाले आणि पैसे एकाचेच असले, तर आधी बॉल जॉईंट बदलावा आणि लिंकची खडखड पुढच्या हप्त्यापर्यंत ऐकत राहावी.