बीएड करायचंय? आधी कितवीला शिकवायचं ते ठरवा, मग कागदपत्रांच्या मागे लागा

ग्रॅज्युएशन संपत आलं की "बीएडचा फॉर्म कधी निघतो" असं विचारणारे मेसेज मला दरवर्षी येतात, आणि मी प्रत्येकाला आधी एकच विचारते, तुला कितवीच्या मुलांना शिकवायचंय? बरेच जण गप्प होतात. पण सगळं गणित इथेच आहे. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बीएड कामाचं नाही, 11 ऑगस्ट 2023 ला सुप्रीम कोर्टाने ते स्पष्टच केलंय, तिथे डीएलएड लागतं, म्हणजे आपण ज्याला अजून डीएड म्हणतो ते, बारावीनंतर दोन वर्षांचं. सहावीपासून पुढे बीएड चालतं आणि अकरावी बारावीला त्या विषयातलं पीजी पण हवं. लहान मुलांची आवड असणारी एक मुलगी माझ्या ओळखीत आहे, तिने दोन वर्षं घालवून बीएड केलं आणि मग तिला हे कळलं, तेव्हापासून मी हा प्रश्न सोडत नाही.

आता पात्रता. ग्रॅज्युएशनला किंवा पोस्ट ग्रॅज्युएशनला 50 टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गासाठी 45. यातला "किंवा" नीट वाचा, बीएला कमी पडले पण एमएला 50 च्या वर आहेत तरी दार बंद होत नाही. इंजिनिअरिंगवाल्यांना 55 टक्के लागतात. शेवटच्या वर्षाला असाल तरी सीईटी, म्हणजे बीएडची प्रवेश परीक्षा, देता येते, फक्त ॲडमिशनच्या वेळी निकाल हातात पाहिजे.

सीईटी राज्याचा सीईटी सेल घेतो, कॉम्प्युटरवर असते, 100 प्रश्न आणि 90 मिनिटं. बौद्धिक क्षमता 40, सामान्य ज्ञान 30 आणि शिक्षक अभियोग्यता 30. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. पेपर अवघड नसतो खरं तर, वेळ पुरत नाही म्हणून लोक अडकतात. इंग्लिश मीडियमचं कॉलेज हवं असेल तर ईएलसीटी नावाची वेगळी परीक्षा पण द्यायला लागते आणि ती फॉर्म भरतानाच निवडायची असते, नंतर आठवून उपयोग नाही.

आणि एक गोष्ट खूप जणांना माहितच नसते, सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे ॲडमिशनचा फॉर्म भरला असं होत नाही. निकालानंतर कॅप राउंडचं, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं, रजिस्ट्रेशन वेगळं असतं, तिथे कागदपत्रं अपलोड करायची, त्यांची तपासणी होते, मग मेरिट लिस्ट, मग कॉलेजांचा पसंतीक्रम, मग अलॉटमेंट, आणि दिलेल्या मुदतीत कॉलेजला जाऊन ॲडमिशन पक्की करायची. चांगले मार्क मिळवून कॅपचं रजिस्ट्रेशनच न केलेली मुलं मी पाहिलीयत, फार वाईट वाटतं.

कागदपत्रांवर मी जरा जास्त बोलणार कारण सीट इथेच जातात. दहावी बारावीच्या मार्कशीट, ग्रॅज्युएशनच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट (एकही सुटायला नको), डिग्री किंवा पासिंग सर्टिफिकेट, टीसी, आधार आणि वय अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला ज्याला आपण डोमिसाइल म्हणतो. मार्कशीटवर नुसता सीजीपीए असेल तर त्याचे टक्के किती ते विद्यापीठाकडून लिहून आणा. मध्ये वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

राखीव प्रवर्गातून भरणार असाल तर फक्त जातीचा दाखला पुरत नाही, जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि एससी एसटी सोडून बाकीच्यांना नॉन क्रिमिलेअर पण. नॉन क्रिमिलेअरवरची तारीख बघा, ज्या वर्षी ॲडमिशन घेताय त्याच्या पुढच्या 31 मार्चपर्यंत ते वैध पाहिजे, घरात फाइलला लावलेलं जुनं बहुतेक वेळा संपलेलं असतं. ईडब्ल्यूएसवाल्यांनी (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र राज्य सरकारच्या नमुन्यातलं काढायचं, केंद्राचं वेगळं असतं. आणि व्हॅलिडिटीला, म्हणजे जात पडताळणीला, किती वेळ लागेल हे कोणीच सांगू शकत नाही म्हणून ग्रॅज्युएशनच्या शेवटच्या वर्षातच अर्ज टाका, सीईटीच्या निकालाची वाट बघू नका.

माझ्या बहिणीचा फॉर्म तपासणीतून परत आला होता. कारण काय, तर दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि दोघांना जोडणारा एकही कागद जोडलेला नव्हता. विवाह नोंदणी दाखला कपाटात पडलेला होता, पण लागेल असं वाटलंच नव्हतं. रात्री अकरा वाजता मोबाईलने फोटो काढला तर खालचा शिक्का कापला गेला, परत टेबलावर सपाट ठेवून चारही कोपरे दिसतील असा काढला, मुदत संपायला काही तास होते. तर लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनो, विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र आजच स्कॅन करून ठेवा आणि फॉर्ममध्ये नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणेच टाका.

कॉलेज निवडताना एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) मान्यता आहे का ते बघाच, आणि तुमच्या विषयाची मेथड, म्हणजे तो विषय शिकवण्याच्या पद्धतीचा पेपर, तिथे आहे का हेही विचारा. "यायची गरज नाही, परीक्षेला या" असं कोणी सांगत असेल तर तिथे जाऊ नका, अगदी मनापासून सांगते. नियमाने वर्गात 80 टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के हजेरी लागते, आणि ती इंटर्नशिप दोन वर्षांत मिळून 20 आठवड्यांची असते. खरं शिकणं तिथेच होतं. पाठ टाचण कितीही सुंदर लिहा, सातवीच्या वर्गात पहिल्याच प्रश्नाला साठ डोळे नुसते तुमच्याकडे बघत राहतात, तेव्हा प्रश्न मोडून सोपा कसा करायचा हे पुस्तकातून नाही कळत.

बीएड झालं की लगेच नोकरी असं नाही हेही आधीच माहिती असू दे. पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास पाहिजे, सहावी ते आठवीला पेपर दोन, 150 पैकी 90 मार्क, राखीवला सूट आहे, आणि सर्टिफिकेट आता आयुष्यभर चालतं. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांच्या भरतीला टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, 200 मार्कांची, आणि तिच्या गुणांवर पवित्र या राज्याच्या शिक्षक भरतीच्या पोर्टलवरून पुढची प्रक्रिया. टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. टेट दरवर्षी होत नाही, 2017 नंतर थेट 2023 ला झाली होती, त्यामुळे जाहिरात आली की संधी सोडू नका, आणि टीईटी बीएडच्या दुसऱ्या वर्षातच देऊन टाका.